शेवटचा आकडा

उपकेंद्राची नोंदवही आता कपाटात नसते.
सहा गावच्या आशाताई एकाच तक्त्यात लिहितात,
आणि ज्यानं त्यानं आपलंच पाहायचं, असं
यवतमाळच्या ट्रेनिंगात सांगितलं होतं, चहाच्या जरा आधी.

परवा माझं बोट घसरलं.
पत्त्याच्या शेवटी ४१२ होतं, त्याचं ४१३ झालं.
पासवर्ड मागितला नाही. तू कोण, हेही नाही.
आमच्या दारचं कुत्रंही इतकं भोळं नाही बाप्पा.

४१३. पंचफुला मडावी. थुंकी तपासणी, पॉझिटिव्ह.
शेरा : सासरी सांगू नये.
४१४ चं नाव मी लिहीत नाही.
तिथंच थांबायला पाहिजे होतं.
४२० पर्यंत गेले.

सांजच्याला हापशीवर पंचफुला म्हणाली,
काहून वं, अशी काय पाहून राहिली?
म्हटलं, काही नाही, गुंड भरला तुझा.
पाणी केव्हाचं पायावरून वाहत होतं.

वर कळवलं. उत्तर आलं, नोंद घेतली आहे,
सोबत तक्रारीचा क्रमांक.
मी त्यातूनही एक वजा करून पाहिला.
उघडला.
मारेगावची कुणी वनमाला खोब्रागडे, ऑपरेटर,
तीच तक्रार, मागच्या बुधवारची,
खाली तिचा मोबाइल नंबर.

माझी स्वतःची नोंद ३८८.
त्यात काय लिहिलंय ते नर्सबाईंना ठाऊक, अन् मला.

फोन लावला.
माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं.
वनमाला जरा वेळ काहीच बोलली नाही.