बद्द

शिरोलीच्या फाउंड्रीत रायगोंडा मामा
हातोडीनं कास्टिंग वाजवून बघायचे.
खणकन् बोललं तर पास,
बद्द बोललं तर परत भट्टीत.
एकतीस वर्षं.

मग आम्ही माईक लावला.
तुम्ही वाजवा मामा, तुम्ही सांगा, ते शिकेल.
चार महिने ते सांगत राहिले,
मी नोंदत राहिले.

आता ते आपलं आपण ऐकतं.
काल एक पंपाची बॉडी नापास केली,
मामांच्या कानाला खणखणीत.
कापली.
आत केसाएवढी चीर.

मामा अंगठ्यानं चीर चाचपत बसले.
"माझ्या हातनं अशी किती गेली असतील गं?"
कपातला चहा निवला.

"इचार की त्याला, कशावरनं वळाकलं."
स्क्रीनवर एवढंच: नापास, त्र्याण्णव टक्के.
कशावरून, ते मलाही काढता येईना,
बांधलंय मीच, तरी.

मामा हसले.
"मला तरी कुटं सांगता आलं असतं?
पर मला कुणी इचारलंच न्हाई."

पाळी सुटली.
स्टँड काढायच्या आधी त्यांनी
सायकलीची दांडी नखानं वाजवली
आणि थोडा वेळ
तसेच वाकून राहिले.