किमान गरजा

खोक्याच्या झाकणावर आतल्या बाजूने छापलंय:
प्रोसेसर एकशे तेहतीस मेगाहर्ट्‌झ, किंवा त्याहून बरा.
मेमरी चौसष्ट, जमल्यास एकशे अठ्ठावीस.
डिस्कवर पाचशे मेगाबाइट मोकळी जागा.
सीडीचा ड्राइव्ह. माउस ऐच्छिक.

इर्मेली वारालाच्या मनगटावरचं घड्याळ
याहून कितीतरी हुशार आहे,
आणि ते फक्त तिची पावलं मोजतं.

हार्मानिएमी. बॉथनियाचं आखात गोठून पांढरं.
कागद कारखाना बंद होऊन बारा वर्षं झाली,
गंधकाचा वास मात्र अजून नोकरीवर आहे,
दक्षिणेचा वारा सुटला की हजेरी लावतो.

ऊलूहून वकीलबाई फोनवर म्हणाल्या,
पत्र पोचलं होतं का, एवढंच सांगा.
साहेब कोर्टात म्हणतात, आलंच नाही.
अकरा जणांच्या छातीत
वाळवणी विभागाची धूळ बसलीय,
आणि त्यातले चार जण आता
खोकतसुद्धा नाहीत.

टेप होती. बटाट्यांच्या तळघरात,
लोकरी मोज्यात गुंडाळलेली.
ड्राइव्ह मिळाला एका दंतवैद्याच्या अडगळीतून,
पस्तीस युरो, वर सल्ला फुकट.
संगणक भाच्याने आणला, कोरा करकरीत.
दोन टेराबाइट.

इन्स्टॉलरने डिस्क मोजली आणि म्हणाला:
जागा अपुरी.

एलियेल खो खो हसला. मावशी हसली नाही.
एकोणीस वर्षं तिने याची मर्जी सांभाळली होती.
याला एका आकड्यापर्यंतच मोजता येतं,
त्यापुढे गेलं की हिशेब उलटा फिरतो,
ऐसपैस असतं ते उणे दिसतं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतो आपण.
इथे पाय होते तेवढेच राहिले,
अंथरूण कापावं लागलं.
दोन टेराबाइटमधून
दोन गिगाबाइटचा एक कोपरा तिने आखून दिला.
चारातले तीन कोअर झोपवले.
उरलेल्या मेमरीकडे बघायचं नाही, असं बजावलं.
आधी तिसरा सर्व्हिस पॅक, मग चौथा,
क्रम चुकला तर पुन्हा श्रीगणेशा;
हे तिला आठवलं नाही,
बोटांना आठवलं.

एवढं धडधाकट यंत्र गरीब करत आणलं
तेव्हा कुठे निळी पट्टी सरकू लागली.

रात्री पावणेतीन. टेप दमेकऱ्यासारखी ओढत होती.
एकेक नाव वर आलं. चारशे बारा पेट्या.
त्यात तिचीही,
घटस्फोटाआधीच्या आडनावाने.
ती तशीच ओलांडून ती साहेबांच्या पेटीत शिरली.

नऊ मार्च एकोणीसशे नव्व्याण्णव.
प्रेषक औलिस केर्तुला, सुरक्षा प्रतिनिधी.
विषय: मास्क. तिसऱ्यांदा विचारतोय.
ठळक अक्षरात.
पोचलेलं. न उघडलेलं.

वकीलबाईंना एवढंच हवं होतं.
तिने पडद्याचा फोटो काढला, तारखेसकट.
काम संपलं होतं.

मग तिने ते उघडलं.

चार ओळी. धुळीबद्दल तीन.
चौथी: नाही म्हणायचं तर म्हणा,
पण वाचलंत एवढं कळू द्या.
औलिस जेवणाच्या सुट्टीत
राय ब्रेडचा अर्धा तुकडा तिच्यासाठी ठेवायचा.
त्याला पुरून नऊ वर्षं झाली.

पत्रासोबत त्याने पोच मागितली होती.
सर्व्हरने इर्मेलीला विचारलं नाही,
तो कधीच विचारायचा नाही.
बाहेरची केबल जोडलेली नव्हती,
तिची गरजही नव्हती.
साहेब आणि औलिस, दोघांच्या पेट्या
त्याच कापलेल्या अंथरुणात.

डिस्क जराशी कुरकुरली.
यादीत खाली, औलिस केर्तुला या नावापुढे
कंसात एक.

ती पेटी तिने उघडली नाही.
थंड झालेली कॉफी तशीच प्यायली,
पडदा मिटवला,
यंत्र चालू ठेवलं.