डावीकडे, जरा खाली

दवाखान्यामागच्या खोलीत चाळीस वर्षं मी दात घडवले.
झिटाऊतल्या अर्ध्या म्हाताऱ्यांच्या तोंडात
माझं काम अजून पाव चावतंय.
आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर इंजिनं येतात,
वीतभरही नसलेली,
बुटांच्या खोक्यातून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून,
चाकांच्या आसांत कुणाच्या तरी गालिच्याचे धागे.
हत्यारं तीच. तोच बारीक आकडा, तीच कानस,
कपाळावर सरकवायचं तेच भिंग.
मेणाचा वास तेवढा गेला, टर्पेंटाइनचा आला.

फेब्रुवारीत हेर प्योच्के आले.
टोपी हातात, इंजिन पिशवीत.
"नव्यासारखं करा," म्हणाले,
"आत्ता दुकानातून आणल्यासारखं."
कशाला, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.
दात करून घेणाऱ्याला
मी कधी विचारलं नव्हतं, हसणार कुणासाठी.

चार स्क्रू. चौथा गंजून बसलेला,
त्याला रात्रभर तेल पाजलं.
मोटारीतले कार्बन झिजून मसुराएवढे.
सांगाडा काकडीच्या लोणच्याच्या बरणीत,
रंग उतरवायच्या पाण्यात बुडवून, झाकण घट्ट.
सकाळी वर काळी साय.
दातांच्या ब्रशनं घासत गेले:
हिरवा, कुणीतरी घरीच फासलेला, केस चिकटलेला;
त्याखाली काळा, कारखान्यातला;
आणि मग उघडं जस्त,
मार्चमधल्या नाइसे नदीसारखं राखाडी.

बॉयलरच्या डाव्या अंगाला एक खाच.
नखाच्या टोकाएवढी, पण खोल.
लांबी भरली, घासली,
डोळे मिटून बोट फिरवलं:
खाच नव्हतीच कधी.

रंग द्यायच्या दिवशी मी लोकर घालत नाही.
न्हाणीघरात गरम पाणी सोडते, वाफेनं धूळ खाली बसते.
मग दार लावून
एक पातळ हात. थांबणं. दुसरा.
चाकं लाल, एकेक आरा, तीन केसांच्या कुंचल्यानं.
नंबर पाण्यात भिजवून चिमट्यानं उचलला, टेकवला,
तेव्हा कुठे श्वास सोडला.

प्योच्के आले. इंजिन उलटं केलं, सुलटं केलं.
बॉयलरवरून अंगठा फिरवला. परत फिरवला,
अंधारात पायाखालच्या जिन्याला
एक पायरी कमी निघावी, तसा.
"सुंदर," म्हणाले. "पण हे कुणाचं?"

मी कॉफी ठेवली.
लोथार एकोणीसचा, मी अकराचा, म्हणाले.
भिंत उठायच्या आदल्या वर्षी तो बॅग भरत होता.
मला पण ने म्हटलं. नाही म्हणाला.
मी हे त्याच्या अंगावर फेकलं, लागलं चौकटीला.
त्यानं उचललं, माझ्या हातात दिलं, बॅग घेतली.
नंतर मी हिरवं केलं.
परत आला तर त्याला ओळखू येऊ नये म्हणून.

"कुठे असतात ते?"
"कासेलला." साखर ढवळली, जी घातलीच नव्हती.
"जानेवारीपर्यंत होता."

कॉफी गार झाली. मी दिवा ओढला, भिंग खाली घेतलं,
आकडा उचलला.
चांगल्या कामावर मी हत्यार चालवलं नव्हतं कधी.
"कुठे?"
त्यांनी डोळे मिटले. अंगठा हवेत फिरला.
"डावीकडे. जरा खाली."
काळ्यातून जस्त चमकलं.
"एवढी?"
"नाही. मी जोरात फेकलं होतं."

बिल करताना लांबी भरल्याचे पैसे मी धरले नाहीत.
"मग खाचेचे धरा," म्हणाले,
आणि टोपी घालून,
खोकं नको म्हणून, तसंच हातात घेऊन गेले.