हस्ते

रुवीत, घड्याळाच्या मनोऱ्यामागे,
तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीतून
मी मिरजेचं घर विकते आहे.
शुक्रवार. एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.

आठवडाभर मी टायरवाल्याचा व्हॅट सांभाळते,
एक बैसाही इकडचा तिकडे होऊ देत नाही.
गावाकडे लोक म्हणतात, तुमच्याकडे बरंय, कर नाही घराला.
घर कुठाय इथं माझं?

हेरवाडकर सीए फोनवर शांतपणे सांगतात,
"मॅडम, तुम्ही अनिवासी.
अनिवासीकडून घर घेणाऱ्यानं
आधी सरकारचा हिस्सा कापायचा,
मग तुमचे पैसे.
अडतीसवर कापायचा की नुसत्या नफ्यावर,
त्यासाठी वेगळा दाखला मागवू. वेळ लागेल."

घेणारे इर्शाद सतारमेकर.
भोपळे वाळवणारा माणूस,
तार कानानं जुळवणारा,
त्यांना माझ्यापायी टॅन नंबर काढावा लागला.
"ताई, तुम्ही इथंच राहिला असता
तर यातलं काहीच लागलं नसतं,"
ते म्हणाले. कराबद्दलच म्हणाले असावेत.

इथल्या कार्डावर मी निवासी,
दोन दोन वर्षांची.
तिथल्या अर्जात अनिवासी.
दोन्हीकडे फोटो तोच.

चौदा लाखांना घेतलेलं, अडतीसला चाललंय.
मधले चोवीस हा माझा नफा.
"आणि महागाई?"
"तो निर्देशांक आता तुम्हाला मिळत नाही.
चौदा म्हणजे चौदाच."
जणू सोळा वर्षं मी
एकाच भावाची तूरडाळ खाल्ली.

"सुधारणेचा खर्च? पावत्या असतील तर मांडू."
ओट्याच्या ग्रॅनाइटची आहे.
बाल्कनीच्या जाळीची नाही, गवंड्यानं हिशेब
कॅलेंडरच्या पाठीवर लिहिला होता
आणि वर्ष संपल्यावर
कॅलेंडर रद्दीत गेलं.

मग ते म्हणाले,
"महापालिकेचा ना-थकबाकी दाखला हवा."

पोटात गोळा आला.
दुसऱ्याचा कर तारखेच्या आधी भरणारी मी,
स्वतःची घरपट्टी नऊ वर्षं भरली नव्हती.
आधी विसरले, मग लाज वाटली,
मग शास्ती किती झाली असेल
ते बघायचंही धाडस होईना.
महिन्याला दोन टक्के. मला पाठ आहे असलं सगळं.

आठ दिवसांनी दाखला आला.
थकबाकी: निरंक.
मागोमाग नऊ पावत्यांचे फोटो,
सगळ्या जूनच्या आतल्या.
मालक: राजमती जिनगोंडा मगदूम.
आणि खाली, कारकुनाच्या बॉलपेननं,
हस्ते: बा. भू. उपाध्ये.

बाहुबली.
माझा धाकटा भाऊ.
अक्काच्या पाटल्यांवरून आम्ही बोलायचे थांबलो,
पाटल्यांवरून तरी कुठे, पण तेव्हा त्याच हाताशी होत्या.
मुखत्यारपत्रसुद्धा मी नणंदेच्या यजमानांना दिलं,
त्याचं नाव टाळायचं म्हणून
दूतावासाच्या केंद्रात दोनदा रांग लावली.
आणि हा दर उन्हाळ्यात सायकल काढून
माझ्या नावानं खिडकीसमोर उभा.

सीएंना विचारलं, हे नफ्यातून वजा होईल का?
"घरपट्टी? नाही होत, मॅडम.
तसा रकाना नाही."

रात्री ऑफिसचा कॅल्क्युलेटर काढला.
मागणीच्या रकान्यातले आकडे, नऊ वर्षांचे,
दोनदा बेरीज केली. पंचवीस हजार सातशे चाळीस.
तेवढे पाठवले.
सोबत काय लिहावं सुचेना,
म्हणून आकड्याखाली फक्त लिहिलं, घरपट्टी.

पहाटे त्याचं उत्तर आलं होतं.
नऊ वर्षांतलं पहिलं.

"मुदतीत भरल्यावर सूट मिळायची.
ती वजा कर. जास्त आलेत."