ब्याऐंशी ते चौऱ्याण्णव

ब्याऐंशीला सुरू होते.
त्याआधी काही नाही. कुर्टीच्या चढावर, बोरीच्या पुलावर,
लोटलीच्या वळणांत गाडी शहाण्यासारखी चालते.
वेर्ण्याच्या पठारावर रस्ता मोकळा झाला
की स्टेअरिंग हातात थरथरू लागतं,
कुणी पलीकडून रवा चाळत असावं तसं.
चौऱ्याण्णवला पुन्हा शांत.
आकडे मी लाइटबिलाच्या मागे लिहून ठेवले होते.

रुझार मेस्तने बिल चष्म्याजवळ धरून वाचलं.
एस्टीमभोवती एक फेरी मारली.
बॉनेट उघडलंच नाही, याचा मला थोडा रागच आला.
'ब्रेक मारल्यावर वाढते?'
नाही.
'न्यूट्रलला टाकून पाहिलीस?'
पाहिली. तशीच.
'म्हणजे इंजिन नव्हे. डिस्क पण नव्हे.'
मग डोळे मिटून,
पेटीचा बिघडलेला सूर शोधणाऱ्यासारखा थांबला,
नि कोंकणीत आला:
'हातांक लागता काय फाटीक?'

हाताला.

पाठीला लागली असती तर मागची चाकं.
सव्वीस वर्षं ही गाडी चालवतेय,
एवढं साधं मला कुणी सांगितलं नव्हतं.

जॅकवर चढवून त्याने चाक
घड्याळासारखं धरलं. नऊ आणि तीन: टायरॉड घट्ट.
बारा आणि सहा: बॉलजॉइंट घट्ट.
टायरवरून तळवा फिरवला, उलटा, सुलटा,
फुगवटा नाही.
पुढची चाकं मागे टाकली, मागची पुढे,
पैसे घेतले नाहीत.
'आतां वचून यो.'

पुन्हा बोरी, पुन्हा लोटली, पुन्हा पठार.
ऐंशी. ब्याऐंशी.
हात मोकळे!
आणि थरथर सीटमधून
माझ्या कमरेत.
एकटीच हसले मी, शेजारून जाणाऱ्या कदंबाच्या
ड्रायव्हरने वळून बघण्याइतकी.

मशीनवर डावं चाक फिरवलं तेव्हा
बाहेरून ते गोलच होतं.
मेस्तने मला खाली वाकायला लावलं.
आतली कड, जिथे कुणी बघत नाही,
प्रत्येक फेऱ्याला एकदा लचकत होती.
नखाएवढी.
'दुभाजकाक मारल्या,' तो म्हणाला. 'रातचें. बऱ्या स्पीडान.'
मग माझ्या पांढऱ्या केसांकडे, चपलांकडे पाहून,
'तुवें न्हय.'

चाव्या दोनच आहेत.
एक माझ्या पर्समध्ये, सोसायटीच्या कपाटाच्या किल्लीसोबत.
दुसरी फ्रिजशेजारच्या खिळ्यावर.
केतन जहाजावर रुजू व्हायच्या आदल्या रात्री
तो खिळा पहाटेपर्यंत रिकामा होता.
सकाळी उठले तर गाडी धुतलेली,
पायपुसणीसुद्धा झटकून वाळत घातलेली.
किती बरं वाटलं होतं मला.
शेजारच्या शैलाला बोलावून दाखवली होती.

म्हापशाच्या भंगारातून रिम मिळाली, अकराशेला.
जुनी मी मागून आणली.
न्हाणीमागच्या भिंतीला टांगलीय,
बागेचा पाइप गुंडाळायला बरी पडते.
वाकडी कड भिंतीकडे आहे.

काल वेर्ण्याला नव्वदवर नेली.
स्टेअरिंग निमूट.
मीच ते आवळून धरलं होतं,
बिर्ल्याच्या चौकापर्यंत लक्षात आलं नाही.

रविवारी फोन आला. मागे समुद्र की पंखा, कळेना.
जेवण, झोप, पगार, सगळं विचारून झालं,
मग म्हटलं, केतन,
गाडी कुठे आपटली होती का रे?
'नाही गं आई.'
ना फार हळू, ना फार मोठ्याने.
मग लाइन खरखरली, मला वाटलं तुटली.

'किती खर्च आला?'