अठ्ठावन्न पौंड

धोबीतलावच्या दुकानात ती आली तेव्हा
मी तांत ओढत होतो, दातांत आरी धरून.
मागे गॅबर्डिनच्या कोटातला एक माणूस,
जानेवारीतही घामाने निथळत,
तिच्यापेक्षा तिच्या बॅगेवर डोळा ठेवून.

झिनाइदा कोरेनेवा.
तिकडून बाहेरच्या गवतावर खेळायला निघालेली पहिलीच बाई,
असं पेपरात आलं होतं. नाव चुकीचं छापून.

भाषा नव्हती, बोटं होती.
पाच. मग आठ.
मी म्हटलं, बाई, बाप्येसुद्धा पंचावन्नावर थांबतात.
तिनं तांतीला नख लावलं, कान दिला,
मान हलवली: ताक, ताक.
मी पोराला पळवलं समोरच्या दूधवाल्याकडे.
आलेलं ताक तिनं उभ्या उभ्या संपवलं,
ओठावर पांढरी मिशी.
कोटवालाही हसला, मग आठवून थांबला.
(गोदीतल्या एका खलाशानं पुढे सांगितलं,
त्यांच्यात ताक म्हणजे 'हं, अस्सं'.)

जिमखान्यावर मी कडेला उभा, दोन जादा रॅकेटी काखेत.
बर्फाचे सहा महिने बंद हॉलात, लाकडी फरशीवर शिकलेली ती.
चेंडू वर येईतो थांबणं तिला ठाऊकच नव्हतं.
फायनलच्या तिसऱ्या सेटला तांत गेली,
बरोबर मध्यावर.
कडेला तुटली तर खेळणाऱ्याची चूक.
मध्यावर तुटली तर माझी.

ती हरली. बक्षिसाचं पाकीट कोटाच्या खिशात गेलं.
निघताना तुटकी रॅकेट माझ्यापुढे ठेवली,
कॅलेंडरची पानं उलटली, डिसेंबर संपला,
तिनं पुढे कोऱ्या भिंतीवर बोट टेकवलं.

पुढल्या वर्षी त्यांच्या सरकारनं कुणालाच पाठवलं नाही.
त्याच्या पुढल्याही. पेपरात एक ओळ.
नंतर ती पोरींना शिकवते म्हणे, कुठल्याशा हॉलात.

त्या भिंतीला तीनदा रंग झाला.
आता मशीन आहे, काटा आपोआप थांबतो,
दुकान नातू बघतो, कॅरमवर जास्त सुटतात.
परवा टीव्हीवर तिकडच्या दोन पोरी, समोरासमोर.
धाकटी चेंडू वर येऊच देत नव्हती.
मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, ते उशिरा वळणारं मनगट.

माळ्यावरची रॅकेट नातवानं काढली,
लाकडी चौकटीत आवळलेली, पितळी स्क्रू हिरवे पडलेले.
म्हणाला, बाबा, जुन्या वस्तूंवाला चांगले पैसे देईल.

पास्कल तुस्कानोच्या दुकानात
चिठ्ठी असलेला माल विकत नाहीत.
ठेव वर, म्हटलं.
गिऱ्हाईक यायचंय.