परत देणे

मडगावात, कापडाच्या दुकानावरच्या माडीत
रुझार फुर्ताद खिडकीपाशी बसतो.
पहिला प्रश्न: "धुतलं नाही मगो, बाय?"
नमस्कार मागाहून.

शेजारचा शेट रिठ्यानं लखलखीत करून देणार होता,
मीच नको म्हटलं.
"तेवढ्यानं अर्धी किंमत वाचली."
आणि रुमालाची गाठ त्यानं माझ्याचकडून सोडवून घेतली.

कडेनं धर. तोंडावर बोट नको.

काटा म्हणाला, चार ग्रॅम ऐंशी.
मग दोऱ्यानं पाण्यात टांगून पुन्हा एकदा.
खरं सोनं पाण्यात किती हलकं व्हावं
याचा हिशेब त्याच्या वहीत तयार होता.
कसोटीचा दगड टेबलावर होता, पण कागद दाबायला.

भिंगाखाली, एका बाजूला मुकुट आणि ढाल,
दुसऱ्या बाजूला सांतोमेचा खुरीस,
खुरसाच्या चार कोनांत सालाचे चार आकडे.
एक. सात. सात.
चौथ्या कोनात नुसतं सोनं,
साबणाच्या शेवटच्या वडीसारखं.

"इथं एक असता तर तुझा बंगला होता.
चार असता तर स्कूटर.
हे बाजारात फिरून झिजलेलं नाही,
तसं झिजतं ते सगळीकडून.
हा कोणाचा तरी अंगठा."

वामनकाकाचा.
रायबंदर-चोडण फेरीबोटीवर तिकिटं फाडणारा,
लग्न न केलेला, संध्याकाळी जेवतानाही
हाताला निकेलचा वास असलेला.
हिंगाच्या डब्यात हे निघालं, सोबत एक वही.
आम्ही तिघं भावंडं वारस,
आणि गोल वस्तूच्या तीन वाटण्या होत नाहीत.

"आलं कुठून? लिहून दे.
वारसा म्हण. वारसा म्हटलं की भाव चढतो."

वही माझ्या पर्समध्ये होती.
चौऱ्याहत्तर साल, मार्गशीर्ष, शेवटची फेरी, वीज गेलेली.
काळी छत्री, डावा पाय ओढत चालणारा म्हातारा.
पावली समजून घेतली. सकाळी पाहिलं.
परत देणे.
काकाचं अक्षर तिकिटावरच्या छापासारखं, सरळ.
त्याखाली दर वर्षी एक छोटी फुली,
बोटीवरून उतरेपर्यंतची.
आणि खिशात, मला वाटतं, तो अंगठा,
प्रत्येक छत्रीकडे पाहताना.

मी फुर्तादला वही दाखवली.
त्यानं वाचली, चष्मा पुसला, परत दिली.
"ही गिऱ्हाइकाला दाखवू नको."

नाणं कुरियरनं बंगळुरूला गेलं,
सहा आठवड्यांनी आलं प्लास्टिकच्या जाड पाकिटात,
वरच्या पट्टीवर:
खरं. व्हेरी फाइन. साल १७७ आणि एक आडवी रेघ.
आता त्याला कोणाचंच बोट लागणार नव्हतं.
पुण्याच्या एका दातांच्या डॉक्टरनं फोनवर घेतलं.
बंगल्यापेक्षा पुष्कळ कमी, स्कूटरपेक्षा बरंच जास्त.
भावानं त्याच संध्याकाळी विचारलं, कमिशन किती कापलं?

कागदावर मी वारसा असंच लिहिलं.
खोटं नव्हतं. काकाला जे देणं होतं
ते आता मला आहे.

परवा चोडणला गेले. चालत्या माणसाला हल्ली बोट फुकट.
मी उगाच सुटे पैसे मुठीत घेऊन उभी,
मागायला कोणी आलं नाही.
इंजिनाची धडधड, डिझेल, एक बकरी,
कांदळात बगळे.
तो म्हातारा असलाच तर आता दीडशेचा असेल,
हे मला कळतं. मी बँकेत हिशेब तपासते.
तरी धक्क्याला फळी आपटली तेव्हा
उतरणाऱ्यांचे पाय पाहिले,
डावे आधी.

वहीत त्या ओळीखाली
रक्कम लिहिली, तारीख लिहिली.
ओळ खोडली नाही.
फुली कुठे मारायची ते अजून ठरत नाही.